स्त्रियांची शेती : एका एकराचा संसार
(महोत्सवानिमित्त भरलेल्या महिलांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या सभेंत मागील पिढ्यांचें गुणगान व्हावें अशी रूढि आहे, आणि ती योग्यहि आहे. परंतु ज्या हातांनीं वसईच्या वाड्या शिंपल्या, केळीचे घड उतरविले, आणि फुलांच्या व भाजीच्या पाट्या पहांटेच्या गाडीनें मुंबईच्या बाजारांत नेल्या, त्या हातांची आठवण अशा प्रसंगीं फारशी निघत नाहीं. म्हणून स्त्रियांनीं स्वतः उभारलेली व स्वतः चालविलेली लहान शेती हा विषय आज आम्हीं घेतला आहे.

'शेतकरी' हा शब्द उच्चारतांच पागोटें बांधलेला, बैल हांकणारा पुरुष डोळ्यांपुढें उभा राहतो. भाषेचा हा दोष क्षम्य मानतां येईल; सरकारी कागदांनींहि तोच पाठ गिरवावा, हें मात्र क्षम्य नाहीं. बीं राखणें, लावणी, खुरपणी, कापणी, पाखडणी, गुरांचें शेणपाणी आणि बाजारांतील विक्री, यांपैकीं बहुतेक काम बायकांच्या अंगावर असतें. मात्र काय पेरावें, केवढ्यास विकावें आणि आलेला पैसा कोठें घालावा, हे तीन प्रश्न त्यांना सहसा कोणी विचारीत नाहीं. हे तीन प्रश्न जेथें बाईच्या हातीं आले तेथेंच ती शेती तिची झाली, असें आम्ही समजतों. नुसतें राबणें म्हणजे शेती चालविणें नव्हे.

असें कोठें घडलें तें पाहण्यासाठीं समुद्रकांठ सोडून मराठवाड्यांत जावें लागेल. तो प्रांत आपणांस अगदींच परका नाहीं. 2020 च्या जानेवारींत उस्मानाबाद येथें, म्हणजे आजच्या धाराशिवास, जें 93 वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, त्याचे अध्यक्ष आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. वसईच्या हिरवाईसाठीं झगडलेला तो धर्मगुरु 2024 सालीं आपणांतून गेला. त्याच धाराशिव व लातूर भागांत 30 सप्टेंबर 1993 च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारों माणसें ढिगाऱ्याखालीं सांपडलीं. घरें पुन्हा उभीं करण्याच्या कामांत बायकांचे गट बांधले गेले, आणि त्या कामांतूनच प्रेमा गोपालन यांची 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था वाढली. घर कसें बांधावें हें ठरविण्यास बायका प्रथम शिकल्या. शेतांत काय पेरावें हा प्रश्न पुढें आला.

तो प्रश्न दुष्काळानें आणला. 2016 च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, हें आपण वर्तमानपत्रांत वाचलेंच असेल. शेतांत ऊस, सोयाबीन, कापूस हीं पैशाचीं पिकें उभीं असत आणि घरांत ज्वारी, डाळ व भाजी विकत येई. पाऊस हुकला कीं पैसाहि नाहीं आणि धान्यहि नाहीं. तेव्हां बायकांनीं घरच्या माणसांपाशीं मागणी केली ती साधी होती : सर्व शेत तुमचें राहूं द्या, त्यांतील एक एकर, तें नसेल तर अर्धा एकर, आमच्या विचारानें पिकवूं द्या. मागणी साधी, पण ती पदरांत पाडून घेणें सोपें नव्हतें. असा तुकडा देतांना देणाऱ्याचा हात बहुधा कडेच्या हलक्या रानाकडेच वळतो, हें आम्हीं सांगावयास नको!

त्या एकरांत एकच पीक नसतें. ज्वारी किंवा बाजरी, तिच्या ओळींत तूर, मूग, उडीद, कांहीं वाफ्यांत मेथी, शेपू, पालक, वांगीं, बांधावर शेवगा. शहरी मनुष्यास हा गोंधळ वाटेल, परंतु त्यांत हिशेब आहे. तुरीचें मूळ खोल जातें व भाजीचें वरच राहतें, म्हणून दोघींचें पाण्यासाठीं भांडण कमी. कडधान्यांच्या मुळांवर गांठी असतात, त्यांतील सूक्ष्म जीव हवेंतील नत्र धरून जमिनीस देतात. शिवाय मेथी महिन्याभरांत निघते, मूग दोन-अडीच महिन्यांत, तूर उन्हाळ्याच्या तोंडाशीं. त्यामुळें घरांत सतत कांहीं ना कांहीं येत राहतें, आणि एक पीक गेलें तरी सर्वच जात नाहीं. नियमहि एकच : पहिला वांटा चुलीचा, उरलेला बाजाराचा. या कार्यास 2017 सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराहून मोठी गोष्ट आम्हांस ही वाटते कीं, पोरांच्या ताटांत भाजी आली आणि ती आईनें ठरवून पिकविली होती.

खताविषयीं थोडें सविस्तर सांगतों, कारण लहान शेती बुडते ती बहुधा दुकानाच्या उधारीनें. सुभाष पाळेकर यांनीं प्रसृत केलेलें जीवामृत आतां पुष्कळ ठिकाणीं करतात. एका एकरासाठीं 200 लिटर पाणी, 10 किलो ताजें शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो डाळीचें पीठ आणि बांधावरची मूठभर माती. हें सारें सांवलींत ठेवून दिवसांतून दोनदां ढवळावें, दोन दिवसांनंतर वापरावें. किडीसाठीं निंबोळीचा अर्क आहे : 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यांत भिजवावी, गाळून 100 लिटर पाणी करावें, चिकटपणासाठीं थोडा साबण घालावा व संध्याकाळीं फवारावें. मात्र जीवामृत म्हणजे कांहीं तीर्थ नव्हे. ज्या जमिनींत शेणखत, गांडूळखत वा पालापाचोळा मुळींच जात नाहीं, तेथें केवळ पिंपभर पाण्यानें चमत्कार होईल अशी आशा कोणी धरूं नये.

दुसरें उदाहरण नगर जिल्ह्याचें, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजांतील बाई कधीं शाळेंत गेल्या नाहींत. बाजारच्या बियाण्यानें जुनीं वाणें घरोघरचीं नाहींशीं होऊं लागलीं, तेव्हां त्यांनीं घेवडे, वाल, भात, पालेभाज्या यांचीं गांवठी बियाणीं जमवावयास आरंभ केला. पुढें 'बाएफ' संस्थेचें साहाय्य मिळालें आणि त्यांच्या घरीं बियाण्याची पेढीच उभी राहिली. 2020 च्या यादींत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. यांतील मर्म हें कीं, संकरित बियाण्याचें पीक दुसऱ्या वर्षीं पेरलें तर तें मूळच्यासारखें उतरत नाहीं, म्हणून तें दरसाल विकत घ्यावें लागतें. गांवठी सरळ वाणाचें बीं मात्र राखेंत घोळून मडक्यांत ठेवलें कीं पुढच्या पेरणीस उपयोगीं पडतें. आपल्या आज्या चुलीवरच्या धुरांत दुधी-पडवळाचीं फळें टांगीत, तें उगाच नव्हे.

आतां जी गोष्ट बोलतांना सभेंत थोडी कुजबुज होईल, ती बोलतों. बाईनें एकर पिकविला, पण सातबाऱ्यावर तिचें नांव नसेल तर पीककर्ज कोणाचें, नुकसानभरपाई कोणाची? शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें 1986 च्या नोव्हेंबरांत चांदवड येथें शेतकरी स्त्रियांचें प्रचंड अधिवेशन भरविलें. पुढें 'लक्ष्मीमुक्ती'ची हांक देऊन शेतकऱ्यांस पत्नीच्या नांवें जमीन करावयास सांगितलें. 1992 सालीं राज्य सरकारनेंहि पतीच्या अर्जावरून पत्नीचें नांव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. हिंदु भगिनींस वडिलार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क देशभर मिळाला तो 2005 च्या दुरुस्तीनें.

आणि आपलें काय? आपणां ख्रिस्ती लोकांस 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करतां बाप वारला तर विधवेस एक तृतीयांश आणि उरलेल्यांत मुलगा-मुलगी समान, असें तो कायदा शंभर वर्षें सांगत आहे. केरळांतील मेरी रॉय या बाईंना त्यासाठीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावें लागलें, कारण त्रावणकोरच्या 1916 च्या कायद्यानें मुलीचा वांटा मुलाच्या चौथ्या हिश्श्यावर किंवा 5,000 रुपयांवर, यांत जें कमी असेल त्यावर, आणून ठेवला होता. 1986 सालीं त्यांना न्याय मिळाला. आपल्या भागांत तसला कायदा नाहीं. परंतु हक्कसोडपत्र आहे. वांटणीच्या दिवशीं बहिणीस जेवावयास बोलावावें, साडी द्यावी आणि अंगठा किंवा सही घ्यावी, हा प्रकार कित्येक घरांत इतका सवयीचा झाला आहे कीं त्यांत कोणास कांहीं वावगें वाटेनासें झालें आहे. बहिणीनें राजीखुषीनें सोडलें तर आमचें म्हणणें नाहीं. पण तिला वाचून दाखविलें होतें काय, एवढें तरी भावांनीं मनाशीं विचारावें. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायांतील सद्गुणी गृहिणी स्वतः पाहून शेत घेते व आपल्या कमाईंतून द्राक्षमळा लावते. तिच्या चातीचा उल्लेख उपदेशांत पुष्कळदां ऐकूं येतो, शेतखरेदीचा फारसा येत नाहीं.

वसईंत एकराची भाषा आतां अनेकांस परवडणारी नाहीं. वाड्यांच्या जागीं इमारती आल्या. पण 40 गुंठ्यांचा एकर, त्यांतील 5 गुंठे तरी पुष्कळ घरांपाशीं अजून आहेत. तेवढ्यांत माडाखालीं हळद व सुरण, मोरीच्या सांडपाण्यावर केळी आणि आळू, मांडवावर पडवळ व दुधी, कुंपणास मोगरा, एवढें सहज बसतें. पाण्याविषयीं मात्र जपावें. किनाऱ्यालगतच्या विहिरींतून यंत्रानें अमर्याद उपसा केला कीं गोडें पाणी हटतें आणि खारें आंत शिरतें, मग वाडी कितीहि जपली तरी करपते. जुन्या लोकांनीं जागोजागीं बावखलें राखलीं तीं पावसाचें पाणी जमिनींत मुरावें म्हणूनच. तीं बुजवून त्यावर मंडप घालणाऱ्यांस आम्ही हात जोडून विनवितों कीं, निदान उरलेलीं तरी राहूं द्या.

ज्या भगिनींच्या घरीं गांवठी वाल, घेवडा, भेंडी, पडवळ यांचें बीं असेल, त्यांनीं तें पुडींत बांधून, वर वाणाचें नांव लिहून, पुढील सभेस आणावें. एका मापाचीं दोन मापें परत करावयाचीं, अशी रीत बियाण्याच्या पेढ्यांत असते. तीच आपण ठेवूं. भातकापणीनंतर जमिनींतील ओलीवर वाल टाकतात, त्यास अद्याप अवकाश आहे. परंतु भेंडीचें बीं ज्यांस हवें असेल त्यांनीं आजच आपलें नांव द्यावें. सातबारा कसा वाचावा हें समजून घेऊं इच्छिणाऱ्यांनींहि आपला उतारा बरोबर आणावा.