जुने स्पीकर: दुरुस्ती की नवे?

गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "घरच्या स्टिरिओच्या एका स्पीकरचा आवाज फाटतो. नव्या जोडीसाठी कर्ज मिळेल का?" मिळेल हो, पण आधी दोष कुठे आहे ते पाहू या.

स्टिरिओ बंद करून प्लग काढा. मशीनच्या मागच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा आणि पुन्हा गाणं लावा. खरखर दुसऱ्या स्पीकरमधून आली, तर दोष मशीनकडे. नवे स्पीकर आणूनही ती जाणार नाही. त्याच स्पीकरमधून आली, तर तो किंवा त्याची वायर खराब.

आता जाळी काढून बघा. कोनभोवतीची फोमची कडा जुनी झाली की तिचा भुगा होतो. कोन आणि आतली कॉइल धड असेल, तर नुसती कडा बदलून भागतं.

नवे घ्यायचेच, तर मशीनच्या मागे लिहिलेले ओहम वाचा. तिथे किमान 8 असेल तर 4 चे जोडू नका. मशीन तापून बिघडू शकतं.

दुरुस्तीचा खर्च आणि नव्याची किंमत, दोन्ही लिहून बैठकीला या. गाणी घरभर ऐकतात, पण कर्जाचा हप्ता आपल्या नावावर असतो.