माहिती तंत्रज्ञान : अर्थार्जन आणि गृहस्थजीवन



हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये नोकरीस असलेल्या अनेक अभियंत्यांचा दिवस दोन घड्याळांवर चालतो. न्यूयॉर्क येथे उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात सायंकाळचे साडेसहा झालेले असतात, हिवाळ्यात साडेसात. ग्राहक कॅलिफोर्नियातील असेल, तर त्याचे सकाळचे नऊ म्हणजे येथील रात्रीचे साडेनऊ वा साडेदहा. सकाळची हजेरी मात्र सुटत नाही. वाकड-हिंजवडी रस्त्यावरील खोळंबा वेगळाच. दिवस असा दोन्ही टोकांनी ताणला जातो.

चौविहार पाळणाऱ्या घरात ही ओढाताण लगेच दिसून येते. सूर्यास्तापूर्वी पाने वाढली जातात, आणि मुलगा अथवा सून हेडफोन लावून ‘कॉल’वर असते. वडीलधारी मंडळी दोष श्रद्धेला देतात. पुष्कळदा तो केवळ वेळापत्रकाचा असतो.

इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ साली तरुणांनी आठवड्यास ७० तास काम करावे, असे मत मांडले. त्यांच्या परिश्रमांविषयी आदरच आहे. परंतु संस्थापकाचे जादा तास त्याच्या मालकीत जमा होतात, नोकरदाराचे तसे होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्यास ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांस ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी व हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळतो.

फ्रान्समध्ये कार्यालयीन वेळेनंतर संपर्क तोडण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तशा आशयाचे खासगी विधेयक मांडले; त्याचा कायदा झाला नाही.

कायदा होईपर्यंत घराने काय करावे? स्थळ पाहताना ‘पॅकेज’ प्रथम विचारले जाते. शिफ्ट कोणती, मुलगा वा मुलगी घरी किती वाजता पोहोचते, हे क्वचितच. सदनिकेचे वीस वर्षांचे कर्ज वरच्या पगारावर बेतले, की कमी तासांची नोकरी पत्करण्याची मोकळीक उरत नाही. तेव्हा हप्ता ठरतानाच वडिलांनी मुलाशी बोलावे. सायंकाळचा डबा सोबत नेता येतो. उशिराचे कॉल टीममधील सर्वांनी आळीपाळीने घ्यावेत, अशी मागणी व्यवस्थापकाकडे करण्यात संकोच नसावा. आठवड्यातील दोन संध्याकाळ मोकळ्या मिळाल्या, तरी पाच वर्षांच्या मुलीला वडील जागेपणी भेटतील.