दंड घातलेले लुगडे

जुन्या काळचा वेष पुन्हा अंगावर चढवून पाहण्याची हौस मनुष्यास फार दिवसांची आहे. अलीकडे ही हौस दुसऱ्या महायुद्धाच्या काळाकडे, म्हणजे १९३९ ते १९४५ या वर्षांकडे, विशेष वळलेली दिसते. इंग्लंडात त्या वेळचे पोशाख, त्या वेळची केशरचना आणि त्या वेळचे प्रसाधन करून लोक मेळावे भरवितात. आमच्या भिवंडीसही एका प्रसंगाने हा नाद लागला. त्यात माझी जी फजिती झाली, तिच्यापासूनच आजच्या भाषणास आरंभ करतो.

आमच्या आळीतील काही भगिनींनी १९४४ सालातील एका मध्यम स्थितीच्या घराचा प्रवेश रंगभूमीवर आणावयाचे ठरविले आणि वेषभूषेचे काम माझ्या गळ्यात पडले. मी जुनी छायाचित्रे जमविली आणि त्यांबरहुकूम रुंद काठांची नवी नऊवारी लुगडी, फुग्यांच्या बाह्यांची पोलकी, भरदार अंबाडे व त्यांवर गजरे असा सारा थाट सिद्ध केला. प्रयोग संपला, टाळ्याही पडल्या. इतक्यात नव्वदी उलटलेल्या एका आजींनी मला जवळ बोलावून विचारले, "सगळं छान झालं रे बाबा. पण तुझ्या एवढ्या बायांत एकीच्याही लुगड्याला दंड कसा नाही?"

दंड हा शब्द आजच्या तरुण श्रोत्यांस बहुधा शिक्षेच्या अर्थानेच ठाऊक असावयाचा. लुगडे अथवा धोतर मध्यभागी विरले, म्हणजे तेवढा भाग कापून टाकावयाचा आणि उरलेले दोन धड तुकडे एकमेकांस शिवून घ्यावयाचे. त्या सांध्यास दंड म्हणत. आजी म्हणाल्या की, दंडाची शिवण निऱ्यांत लपेल अशा बेताने लुगडे नेसण्यातच तेव्हा बाईचे कसब दिसे. मी रंगभूमीवर आणलेल्या स्त्रिया १९४४ सालच्या नव्हत्याच. त्या १९४४ सालचा फोटो काढून घेण्यासाठी सजलेल्या स्त्रिया होत्या!

आता ही टंचाई इतकी का पडली, ते थोडक्यात पाहू. युद्ध सुरू होताच जर्मनीहून येणारे रंग बंद झाले. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि त्या देशाचे स्वस्त कापड व कृत्रिम रेशीम येईनासे झाले. इकडे आपल्या गिरण्यांच्या मालाचा मोठा वाटा लष्कराच्या गणवेषांकडे, तंबूंकडे आणि परदेशांकडे जाऊ लागला. भाव भडकले, साठेबाजी माजली. तेव्हा १९४३ च्या जूनमध्ये सरकारने कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढला. गिरणीच्या कापडावर कमाल किमतीचा शिक्का मारणे भाग झाले. बाजारात मात्र त्या शिक्क्याच्या किमतीस कापड मिळेलच अशी खात्री नसे, आणि 'काळा बाजार' हा शब्द घरोघर रुळला. युद्ध थांबले तरी टंचाई थांबली नाही. १९४८ च्या जानेवारीत नियंत्रण उठविले गेले आणि भाव चढल्यामुळे त्याच वर्षी पुन्हा लादावे लागले.

भिवंडीची गोष्ट तर अधिकच विलक्षण. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी या गावात हातमाग रुजविले, आणि महायुद्धापूर्वीच येथे यंत्रमागही दिसू लागले होते. परंतु माग घरचा असला तरी सूत गिरणीचे! एका वृद्ध विणकरांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेली आठवण मला सांगितली. सूत न आल्यामुळे माग उभा राही, आणि कांड्या भरावयास बसणारी मुले दिवसभर रिकामी हिंडत. जे घर दुसऱ्यांसाठी लुगडी विणी, त्या घरच्या बाईच्या लुगड्यासही दंडच असे. शेजारी कल्याणजवळ लष्कराची प्रचंड छावणी पसरली होती; तीच जागा पुढे १९४९ साली उल्हासनगर झाली. म्हणजे एका अंगास खाकी कापडाचा महापूर आणि दुसऱ्या अंगास हात राखून वापरलेले जीर्ण वस्त्र, असा तो देखावा होता.

हे ध्यानी घेतले म्हणजे त्या काळचा वेष कसा साधावा, हे आपोआप समजू लागते. पहिली गोष्ट लांबीची. नऊवारी सोडून पाचवारी नेसण्याचा प्रघात शहरांत युद्धापूर्वीच पडू लागला होता. पण जेथे कापड मोजूनमापून मिळावयाचे, तेथे एका वस्त्रामागे चार वारांची बचत ही काही लहान गोष्ट नव्हे. म्हणून एकाच घरात सासू नऊवारीत आणि सून पाचवारीत दाखविणे हे त्या काळास साजेसे होईल. दुसरी गोष्ट रंगाची. नवे, झगझगीत रंग टाळावेत. वस्त्र अनेक वेळा धुतलेले, किंचित विटलेले असावे. पुरुषांच्या धोतरासही दंड असावा, आणि कोट असल्यास तो उलटवून शिवलेला असावा.

केशरचनेविषयीही हेच. पाश्चात्त्य चित्रपटांतील कपाळावरचे फुगीर वळसे पाहून आपल्याकडील काही कॉलेजकन्यकांनी केसांचे फुगे काढले असतील. घरोघर मात्र अंबाडा, खोपा आणि वेणी यांचेच राज्य होते. अमेरिकेत व्हेरॉनिका लेक नावाच्या नटीची एका डोळ्यावर केस सोडण्याची तऱ्हा फार लोकप्रिय होती. कारखान्यात काम करणाऱ्या मुलींचे तसे मोकळे केस यंत्रात सापडण्याची भीती असल्याने १९४३ साली तिने सरकारच्या विनंतीवरून आपली केशरचना बदलली. मागाच्या पट्ट्यांशेजारी वावरणाऱ्या भिवंडीकरांस त्या भीतीचा अर्थ समजावून सांगावयास नको.

प्रसाधनाची सामग्री तर फारच थोडी. मेणावर लावलेले कुंकू, घरी दिव्यावर धरलेले काजळ, खोबरेल तेल, आणि ऐपत असल्यास मुंबईत १९१९ पासून निघालेल्या अफगाण स्नोची बाटली. रंगभूमीच्या दिव्यांसाठी चेहऱ्यास काही लावावे लागले, तर ते लावले आहे असे दिसू नये, एवढेच पथ्य पाळावे.

इंग्लंडातही टंचाई होतीच. तेथे १ जून १९४१ पासून कपड्यांसाठी कुपने सुरू झाली ती १९४९ पर्यंत चालली. खिसे किती, गुंड्या किती, चुण्या किती, यांवरही कायद्याची नजर होती. परंतु त्या काटकसरीचा त्यांनी अभिमान बाळगला, ठिगळाचीसुद्धा चित्रे छापून ठेवली. आपल्याकडे ठिगळ ही लाज मानली गेली, म्हणून ते झाकले गेले. आणि झाकलेली गोष्ट छायाचित्रात उतरत नाही. फोटो काढावयाचा म्हणजे पेटीतले ठेवणीतले लुगडे निघे, प्रसंगी शेजारणीचे मागून आणले जाई. त्या काळचा आपला पुरावा आल्बमात शोधणारा मनुष्य म्हणूनच फसतो.

मग हा पुरावा आहे कोठे? आजींनी मला आपल्या घरी नेले आणि एक गोधडी उलगडून दाखविली. लुगडे विरले की दंड. दंडही टिकेना की त्याचा परकर. परकर फाटला की बाळोती. आणि जे काही मऊ, धड तुकडे उरत ते गोधडीच्या पोटात. त्या गोधडीच्या एका उसवलेल्या कडेतून मला दंडाची बारीक शिवण दिसली. हाताच्या टाक्यांची, मुंगीच्या रांगेसारखी सरळ. अनेक छायाचित्रे पाहून मला जे कळले नव्हते ते त्या वीतभर शिवणीने शिकविले.

कोल्हापूरच्या कन्या भानू अथय्या यांनी 'गांधी' या चित्रपटाच्या वेषभूषेसाठी १९८३ साली, जॉन मोलो यांच्यासमवेत, ऑस्कर पारितोषिक मिळविले; हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटात १८९३ पासून १९४८ पर्यंतचा काळ आहे. तो पाहताना एक गोष्ट अवश्य पाहावी: तेथील गर्दीतली माणसे नवे कपडे घालून आल्यासारखी दिसत नाहीत. वस्त्र नेसलेले दिसणे वेगळे आणि वापरलेले दिसणे वेगळे.

कोणी म्हणेल, दारिद्र्याचे हे सोंग कशासाठी? आक्षेप रास्त आहे. १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्या वर्षाचा वेष गंमत म्हणून चढविणे शोभणार नाही. पण त्या वर्षातील स्त्रियांस कोरी, काठपदराची लुगडी नेसवून उभे करणे हे त्याहूनही वाईट. कारण त्यामुळे त्यांनी जे सोसले ते सोसलेच नाही, असे आपण म्हटल्यासारखे होते.

पुढील प्रयोगाच्या वेळी मी दोन जुनी लुगडी आणली आणि आजींच्या देखत त्यांचा दंड घातला. माझा टाका वाकडा गेला. आजींनी तो उसवून पुन्हा घालावयास लाविला. १९४३ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदी ओलांडून गेली आहे. ही विद्या सांगणारे हात आता फार थोडे उरले आहेत. जुने वाडे पडत आहेत आणि त्यांतील गोधड्या कचऱ्यात जात आहेत. ज्या भिवंडीत आज रात्रंदिवस यंत्रमागांचा खडखडाट चालतो आणि कापडाच्या ताग्यांनी गाड्या भरून जातात, तेथे एका वाराचे मोल काय होते हे उद्या कोणासही सांगता येणार नाही.

म्हणून श्रोतेहो, एवढीच विनंती. घरातील जुनी गोधडी टाकून देण्यापूर्वी तिची एक कड उसवून पाहा, आणि घरात कोणी वडीलधारी बाई असेल तर ती शिवण तिच्या हाती देऊन विचारा, "हा दंड कोणी घातला?"