दुरुस्तीच्या बाकावरून



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते विज्ञानाचे शिक्षक होते. अशा प्रसंगी तत्त्वचर्चेपेक्षा एका रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानाची हकीकत सांगावी, असे मी ठरविले आहे. दुकान टोकियोतले असले, तरी त्यातील प्रश्न बेळगावच्या उद्यमबागेत लेथ किंवा फाउंड्री चालविणाऱ्या आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांचा आहे. दुसऱ्याचे काम चोख करून देणारा कारागीर स्वतःचे म्हणावे असे काही केव्हा निर्माण करू लागतो?

१९४५ च्या ऑगस्टमध्ये युद्ध संपले, तेव्हा टोकियो बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झाले होते. त्याच शरदात मासारू इबुका हे अभियंते मोजक्या सहकाऱ्यांसह तेथे आले आणि निहोनबाशी भागातील शिरोकिया या मोठ्या दुकानाच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरील एका अरुंद खोलीत त्यांनी बस्तान मांडले. भिंतींना तडे गेलेले, खिडक्यांना काचा नाहीत. परंतु लोकांची निकड त्यांनी अचूक ओळखली होती. कित्येक रेडिओ नादुरुस्त होते. शिवाय शत्रूचा प्रचार ऐकू येऊ नये म्हणून युद्धकाळात लघुलहरींची सोय तोडून टाकण्यात आली होती. लोक बातम्यांसाठी आसुसलेले होते. ही मंडळी रेडिओ दुरुस्त करीत, आणि साध्या मध्यमलहरी रेडिओवर लघुलहरी ऐकता याव्यात यासाठी एक छोटी जोडपेटी तयार करून देत. मला या जोडपेटीचे मोल फार वाटते. दुरुस्ती म्हणजे वस्तूला पूर्वस्थितीत आणणे. जोडपेटी हे त्यापुढचे पहिले पाऊल होते.

ऑक्टोबर १९४५ मध्ये 'असाही' वृत्तपत्राने या कामाची दखल घेतली. तो मजकूर अकिओ मोरिता यांच्या वाचनात आला. साके गाळणाऱ्या पिढीजात घराण्याचे ते थोरले चिरंजीव; इबुकांशी त्यांचा परिचय युद्धकाळातील संशोधनात झालेला. दोघे पुन्हा एकत्र आले आणि ७ मे १९४६ रोजी १,९०,००० येन भांडवलावर, सुमारे वीस माणसांनिशी 'तोक्यो त्सुशिन कोग्यो' ही कंपनी स्थापन झाली. अकारण आकार वाढविण्याच्या मागे न लागता, मोठ्या कंपन्यांना जे जमत नाही ते करावे, असे इबुकांनी उद्देशपत्रात लिहून ठेवले होते.

पुढचा मार्ग मात्र सरळ नव्हता. लाकडी पिंपाच्या तळाशी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवून त्यांनी विजेवर भात शिजविण्याचे भांडे केले. भात कधी कच्चा राही, कधी त्याचा गरगट होई. ते भांडे बाजारात गेले नाही. पोटापाण्यासाठी विजेवर तापणाऱ्या उश्या विकाव्या लागल्या. पण माणसे विखुरली नाहीत, हे महत्त्वाचे. १९५० साली त्यांनी ध्वनिमुद्रण यंत्र सिद्ध केले. वजन सुमारे ४५ किलो, किंमत १,६०,००० येन! यंत्र उत्तम होते, पण ते घ्यावे कशासाठी, हेच गिऱ्हाइकाला उमगेना. तेव्हा या तंत्रज्ञांनी दुसरा धडा गिरविला: गरज कोठे आहे ते शोधून वस्तू तेथे न्यावी लागते. लघुलेखकांची वाण असलेली न्यायालये आणि पुढे हलक्या, स्वस्त यंत्रासाठी शाळा, हे त्यांचे ग्राहक ठरले.

ट्रान्झिस्टरचे मूळ संशोधन अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे. त्याच्या परवान्यासाठी या छोट्या कंपनीने २५,००० डॉलर मोजण्याचे ठरविले. परवान्यासोबत तयार कृती मिळत नव्हती. रेडिओच्या उच्च कंपनसंख्येवर चालणारा ट्रान्झिस्टर त्यांना स्वतःच घडवावा लागला. ऑगस्ट १९५५ मध्ये जपानमधील पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ त्यांनी विक्रीस आणला. अमेरिकेत असा रेडिओ १९५४ मध्येच निघाला होता. तरीही ही मंडळी मागे हटली नाहीत. सदोष ट्रान्झिस्टरांची कारणे शोधणे हाही तेथे अभ्यासच होता. फॉस्फरस मिसळलेल्या जर्मेनियमचा अभ्यास करताना १९५७ साली तेथील संशोधक लिओ एसाकी यांना एक नवाच परिणाम आढळला, आणि १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. जानेवारी १९५८ मध्ये कंपनीने नाव बदलले. ते नवे नाव 'सोनी' होय.

मित्रहो, प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानाची सोनी होत नसते, आणि व्हावी असेही नाही. युद्धोत्तर जपानची परिस्थिती वेगळी होती, आणि मोरितांच्या घरचा आर्थिक आधारही मोठा होता. परंतु दुरुस्ती हे कमी प्रतीचे काम, ही समजूत मात्र या हकीकतीपुढे टिकत नाही. बिघाड शोधणाऱ्याला वस्तूचे मर्म कळते आणि ती वापरणाऱ्याची अडचणही कळते. जॉबवर्क करणाऱ्या आपल्या कारखानदारांजवळ ही दोन्ही ज्ञाने आहेत. उणीव असते ती ती टिपून ठेवण्याची, आणि मिळकतीतला थोडा भाग प्रयोगासाठी बाजूला काढण्याची.

म्हणून माझी एक विनंती आहे. शाळेने एका वर्गखोलीत दुरुस्तीचे बाक मांडावे. घरोघरी पडून असलेले रेडिओ, पंखे, मिक्सर माजी विद्यार्थ्यांनी आणून द्यावेत, आणि आपल्यातल्या जाणत्या कारागिरांनी आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांसोबत त्या बाकाशी बसावे. मुलांनी काय बिघडले होते, का बिघडले आणि पुन्हा बिघडू नये म्हणून काय करता येईल, हे वहीत लिहावे. यांतील तिसऱ्या प्रश्नापाशी दुरुस्ती संपते आणि निर्मिती सुरू होते. गुरुजींच्या स्मृतीस याहून उचित वंदन मला सुचत नाही.