जप्त कागदांची साक्ष

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय जुनी बंडखोर नियतकालिके आणि हस्तपत्रके हा आहे. पानिपतजवळील काला अंब येथील स्मारकामुळे दिल्लीचा परिसर मराठी मनात १७६१ या सालाशी कायमचा जोडला गेला आहे. यमुनेच्या पलीकडे, मेरठ येथे, मराठी इतिहासाचे आणखी एक प्रकरण घडले. त्याची आठवण मात्र क्वचितच निघते.

२० मार्च १९२९ रोजी देशातील अनेक शहरांत एकाच वेळी धाडी घालून कामगार चळवळीतील पुढाऱ्यांना अटक करण्यात आली. त्यांत डांगे, मिरजकर, घाटे, निंबकर, जोगळेकर, अधिकारी असे मुंबईतील अनेक कार्यकर्ते होते. बादशहाचे हिंदुस्थानवरील सार्वभौमत्व नष्ट करण्याचा कट केला, असा त्यांच्यावर आरोप होता. मुंबईत खटला चालता तर तो ज्यूरीपुढे आला असता. मेरठमध्ये न्यायाधीशाच्या मदतीला केवळ असेसर होते आणि त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नव्हते.

आरोप सिद्ध करण्यासाठी सरकारने प्रामुख्याने कागदांचा आधार घेतला. कामकरी-शेतकरी पक्षाने १९२७ मध्ये सुरू केलेले मराठी साप्ताहिक ‘क्रांती’, बंगालीतील ‘गणवाणी’, पंजाबीतील ‘किरती’, पत्रव्यवहार, सभांची इतिवृत्ते, पत्रके, असे सारे काही न्यायालयात दाखल झाले. १९२८ मध्ये मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला होता. संपकाळातील पत्रक वाचून टाकून द्यावयाचे असते. सहसा कोणी ते जपून ठेवीत नाही. परंतु फिर्यादी पक्षाला ते पुरावा म्हणून हवे होते. त्यावर निशाणी क्रमांक पडला, ते दप्तरात बांधले गेले. ज्या सत्तेला हे साहित्य नष्ट व्हावेसे वाटत होते, तिनेच अशा रीतीने त्याचे जतन केले.

या संग्रहाचा उपयोग करताना अभ्यासकाने सावध असले पाहिजे. येथे निवड पोलिसांनी केलेली आहे. ज्या मजकुरातून कट दिसेल तो त्यांनी उचलला. चाळीतील भाड्याची, पगारातील कपातीची किंवा स्त्री-कामगारांची कैफियत त्यांच्या कामाची नव्हती. शिवाय मराठी मजकुराची न्यायालयासाठी इंग्रजी भाषांतरे झाली. कारकुनी इंग्रजीत गिरणगावच्या बोलीचा उपरोध सहज हरवतो आणि थट्टेचे वाक्य धमकीसारखे वाचले जाते. म्हणून मूळ अंक मिळेल तेथे भाषांतर त्याच्याशी ताडून पाहणे अगत्याचे ठरते. मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्याने केली होती. पत्रकाच्या तळाशी असलेली ती बारीक ओळ तारीख नसलेल्या कागदाचा काळ ठरविण्यास पुष्कळदा साहाय्य करते.

जानेवारी १९३३ मध्ये २७ आरोपींना शिक्षा झाल्या. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या बऱ्याच कमी केल्या. पुढची हकीकत विशेष बोधप्रद आहे. आरोपींपैकी गंगाधर अधिकारी यांनी १९७१ पासून कम्युनिस्ट पक्षाच्या इतिहासाची कागदपत्रे खंडशः संपादित केली. दुसरे आरोपी पूरणचंद जोशी यांनी आयुष्यभर जमविलेल्या साहित्यातून दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील समकालीन इतिहासाचा अभिलेखसंग्रह उभा राहिला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ज्यांच्याविरुद्ध कागद साक्षीला आणले गेले होते, तेच कागदांचे राखणदार झाले.

स्वस्त कागदात आम्ल असते. तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो आणि अखेर बोटांत त्याचा चुरा होतो. आम्लरहित वेष्टन, समतोल हवामान आणि सूक्ष्मपटावरील प्रत यांमुळे त्याचे आयुष्य वाढते. परंतु त्याआधी तो ग्रंथालयात पोहोचला पाहिजे. गिरण्या गेल्या, चाळी पडत आहेत. तेथील माळ्यावरच्या पेटीत एखादे जुने पत्रक आढळले तर ते रद्दीत जाऊ नये. पोलिसांनी जे उचलले नाही, त्याची साक्ष कदाचित तेथेच उरलेली असेल.