उजवा रेणू, डावा रेणू



सभागृहात येताना आपण दाराशी वहाणा काढून ठेवल्या आहेत. कोणी पैज लावली, की केवळ तराजू आणि चाळणी वापरून त्या ढिगातल्या उजव्या वहाणा वेगळ्या काढा, तर आपण हरू. जोडीतल्या दोन्ही वहाणांचे वजन एक, माप एक. पण पाय घालून पाहिला, की क्षणात उलगडा होतो. कारण पाय स्वतःच उजवा किंवा डावा असतो. माझे आजचे सांगणे या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

पुष्कळ रेणूही असेच जोडीने असतात. तेच अणू, तीच जोडणी. पण एक दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब. उकळण्याचे तापमानही एकच. मग बिघडले कोठे? बिघडते ते आपल्या शरीरात, कारण शरीर स्वतः एका हाताच्या रेणूंचे बनलेले आहे. कार्व्होन नावाच्या द्रव्याच्या एका रूपाला पुदिन्याचा वास येतो, दुसऱ्याला जिऱ्याच्या कुळातल्या कॅरवे या विलायती बियांचा. तेथे प्रश्न वासाचा; औषधात तो जिवाचा होतो. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कॉटझियास यांनी कंपवाताच्या रुग्णांना डोपाचे मिश्र रूप दिले. गुण आला, पण काहींच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. पुढे एकटे डावे रूप देऊ लागले, तेव्हा तो धोका टळला. तेव्हा उजवे-डावे निवडणे ही चैन नव्हे.

अशी जोडी प्रथम फोडली ती पॅरिसमध्ये, १८४८ साली, पंचविशीतल्या लुई पाश्चरने. आपल्या चिंचेत असते तेच टार्टारिक आम्ल द्राक्षांतही असते. त्याच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहताना त्याला दिसले, की काहींचे तिरके पैलू उजवीकडे आहेत, काहींचे डावीकडे. एकेक वेचून त्याने दोन ढीग केले. एकाच्या द्रावणाने ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याच्या डावीकडे. यात दैवाचाही वाटा होता. सुमारे २७ अंशांच्या वर हे स्फटिक असे वेगवेगळे तयार होतच नाहीत. पाश्चर आपल्याकडच्या वैशाखात बसला असता, तर हात हलवीत परतला असता!

प्रत्येक जोडी अशी वेचता येत नाही. चाळणी हवी, पण चाळणी मापाने निवडते, आणि येथे माप एकच. तेव्हा चाळणीच एका हाताची हवी. १९४४ साली झुरिचला प्रेलॉग आणि वीलंड यांनी नळीत दुग्धशर्करेची पूड भरून तिच्यातून एक मिश्रण झिरपू दिले. दुग्धशर्करा एकाच हाताची. तिला एक रूप अधिक बिलगले, दुसरे पुढे निघून गेले. आज औषधांच्या कामात सच्छिद्र सिलिकाच्या कणांवर सेल्युलोजपासून केलेल्या द्रव्याचा लेप देऊन हीच युक्ती वापरतात.

त्यापुढची पायरी म्हणजे भोकेच हव्या त्या घडणीची बांधणे. मांडवाची कल्पना करा: धातूचे अणू हे सांधे, कार्बनी रेणू हे वासे, मध्ये मोकळी दालने. अशा सांगाड्यांबद्दल कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २००० साली कोरियातील किमून किम यांच्या गटाने जस्ताचे सांधे आणि टार्टारिक आम्लापासून केलेले वासे घेऊन असा मांडव उभारला. वासे एका हाताचे, म्हणून दालनेही एका हाताची. रुथेनियमच्या एका संयुगाचे निमनीम मिश्रण त्यात मुरवले, तेव्हा आत शिरलेल्या १०० रेणूंत सुमारे ८३ एकाच हाताचे निघाले. पाश्चरने जे आम्ल फोडले, तेच आता दुसऱ्या जोड्या फोडू लागले!

पण ८३ म्हणजे १०० नव्हेत. गोळीत असे १७ उरले, तर ते रुग्णाच्याच पोटात जायचे. शिवाय पुष्कळ सांगाडे पाण्यात टिकत नाहीत, आणि एका जोडीला लागू पडलेला दुसरीला पडेलच असे नाही. काम पुष्कळ उरले आहे. वाट मात्र एकच: उजवे-डावे ओळखायला ओळखणाराही उजवा किंवा डावाच लागतो. घरी निघताना वहाणेत पाय घालाल, तेव्हा एवढे आठवले तरी माझे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.