पेनल्टी नाकारणारा गोलवीर

जर्मनीच्या फुटबॉल संघाचा आघाडीपटू मिरोस्लाव्ह क्लोस 1978 मध्ये पोलंडमधल्या ओपोले इथे जन्मला. शिकला सुतारकाम. विशीत तो खालच्या विभागातल्या होम्बुर्ग क्लबकडून खेळत होता. आणि 2002 च्या विश्वचषकात त्याने 5 गोल केले, पाचही डोक्याने! 2014 मध्ये यजमान ब्राझीलला 7-1 ने हरवताना त्याने विश्वचषकातला आपला 16 वा गोल केला आणि ब्राझीलच्याच रोनाल्डोचा विक्रम मोडला.

मला मात्र 2012 मधला नेपल्सचा सामना जास्त मोलाचा वाटतो. इटलीतल्या लॅझिओ क्लबकडून खेळताना कॉर्नरवरून आलेला चेंडू क्लोसच्या हाताला लागून जाळ्यात गेला. पंचांनी गोल दिला. क्लोसने स्वतःच पंचांना खरं काय ते सांगितलं, गोल रद्द झाला. लॅझिओ तो सामना 3-0 ने हरला. त्याआधी 2005 मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन क्लबकडून खेळताना मिळालेली पेनल्टीही त्याने अशीच नाकारली होती.

निवृत्तीनंतर, 2018 मध्ये, तो बायर्न म्यूनिक क्लबच्या 17 वर्षांखालील मुलांचा प्रशिक्षक झाला. हे वय अवघड. मुलं भराभर उंच होतात, पावलांचा आणि उडीचा अंदाज चुकायला लागतो. चेंडू हवेत असताना नेमकी उडी कधी घ्यायची, हे नव्याने बसवावं लागतं. डोक्याने गोल करण्यात वाकबगार असलेला गुरू अशा वेळी लाभणं, हे त्या मुलांचं भाग्यच. दोन हंगामांनंतर क्लोस बायर्नच्याच मुख्य संघाचा सहप्रशिक्षक झाला.